‘नथिंग बट’च्या पुढे काय येतं?



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी मला दारात गाठून विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, मग इंग्रजी व्याकरणाच्या भानगडीत कशाला पडता? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, त्यामुळे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

पंचेचाळीस-एक वर्षं झाली असतील. मी नवा अधिव्याख्याता. आमच्या महाविद्यालयात इंग्रजीची एक जागा वर्षभर रिकामी होती आणि आवश्यक इंग्रजीचे दोन तास माझ्या गळ्यात आले. मुलं बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, इंग्रजीशी पाचवीत ओळख झालेली. मी त्यांना निबंध दिला, ‘मला न विसरता येणारा दिवस’. एका मुलीने वडील गेले त्या दिवसाबद्दल लिहिलं होतं. साधं, लहान लहान वाक्यांचं. त्यात एक वाक्य होतं: ‘दॅट डे माय मदर डिड नथिंग बट क्राइड.’ मी ‘क्राइड’भोवती लाल गोल काढला, वर ‘क्राय’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, “सर, आई रडली होती ना? झालेली गोष्ट आहे. मग क्राइड का नाही?” मी म्हणालो, “डू नथिंग बट नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. नियम आहे तसा.” ती “बरं सर” म्हणाली आणि गेली. आता बघा, याच माणसाने त्या दिवशी सकाळी तत्त्वज्ञानाच्या वर्गात कारणाशिवाय काही मानू नका म्हणून तासभर घसा कोरडा केला होता! मला कारण माहीत नव्हतं, हे खरं. पण मी ते कबूलही केलं नाही. त्या मुलीला जे उत्तर द्यायला हवं होतं ते मला पुढे हळूहळू सापडत गेलं. आज तेच तुमच्यापुढे मांडतो.

एक सूचना. इंग्रजी उदाहरणं मी अशीच बोलून दाखवणार आहे आणि लेखी रूपात ती देवनागरीतच येतील. वाचणाऱ्यांनी ती जरा मोठ्याने म्हणून बघावीत, कारण यातला अर्धा निवाडा कानाने होतो.

सुरुवात मराठीपासून करू. तीन वाक्यं घ्या. ‘तिने रडण्याशिवाय काही केलं नाही.’ ‘आमच्यापुढे परत जाण्याशिवाय पर्याय नव्हता.’ ‘त्याला वाचण्याशिवाय कशाचीच आवड नाही.’ रडण्याशिवाय, जाण्याशिवाय, वाचण्याशिवाय. तिन्ही ठिकाणी एकच साचा. आता हीच वाक्यं इंग्रजीत. ‘शी डिड नथिंग बट क्राय.’ ‘वी हॅड नो चॉइस बट टू गो बॅक.’ ‘ही इज फाँड ऑफ नथिंग बट रीडिंग.’ एका ठिकाणी नुसतं ‘क्राय’, दुसऱ्या ठिकाणी ‘टू गो’, तिसऱ्या ठिकाणी ‘रीडिंग’. आपल्या एका रूपाला तिकडे तीन रूपं, आणि ‘बट’ मात्र तिन्हीकडे तोच. म्हणजे रूप ठरवण्याचं काम ‘बट’ करत नाही, एवढं तर इथेच दिसलं.

आपल्याकडे ते काम ‘शिवाय’च करतो. शाळेत शिकलो होतो ना, शब्दयोगी अव्यय लागलं की नामाचं सामान्यरूप होतं. रडणे, रडण्या-, रडण्याशिवाय. वाचून, खेरीज, व्यतिरिक्त यांचं तेच. अपवादाचा शब्द ज्याच्या पाठीला लागतो त्याला वाकवतो, आणि वाक्याच्या उरलेल्या भागात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून मराठी माणूस इंग्रजी लिहायला बसला की ‘बट’ हाही ‘शिवाय’सारखाच असेल असं धरून चालतो आणि त्याच्यापुढचं एकच ठरलेलं रूप शोधत राहतो. कुणी सगळीकडे ‘टू’ लावतो, कुणी सगळीकडे ‘आयएनजी’ लावतो. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत याची यादी असते: अमुकनंतर मूळ रूप, तमुकनंतर टू. मुलं ती पाठ करतात. यादी खोटी नसते, पण तिच्यातला धागा कोणी दाखवत नाही.

धागा पाहायचा तर ‘बट’ची जात पाहायला हवी. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘बुटान’ असं होतं, आणि त्याचे दोन तुकडे पडतात: ‘बि’ म्हणजे पाशी आणि ‘उटान’ म्हणजे बाहेर. ‘बाहेरच्या बाजूला’ हा मूळ अर्थ. स्कॉटलंडमध्ये दोन खोल्यांच्या जुन्या घराला ‘बट अँड बेन’ म्हणत. बट म्हणजे बाहेरची खोली, बेन म्हणजे आतली. आपली ओटी आणि माजघर म्हणा ना. तेव्हा ‘नथिंग बट क्राय’ म्हणजे ‘रडणं बाहेर ठेवलं तर काही नाही’. ‘एक्सेप्ट’चं मूळ लॅटिन, त्याचाही अर्थ ‘बाहेर काढलेलं’. आपण ‘वगळता’ किंवा ‘सोडून’ म्हणतो, तीच कल्पना.

पुढे ‘बट’ उभयान्वयी अव्यय झालं, ‘पण’ या अर्थाचं. आणि उभयान्वयी अव्ययाचा स्वभाव काय असतो? दोन सारख्या गोष्टींना जोडायचं. ‘चहा आणि कॉफी’ चालतं, ‘चहा आणि पळत’ चालत नाही. अपवादाच्या वाक्यातही ‘बट’ने हा स्वभाव सोडलेला नाही. त्याच्या अलीकडे जे स्थान आहे, त्या स्थानात जे बसू शकेल तेच त्याच्या पलीकडे येतं. म्हणून रूप ठरवायचं असेल तर ‘बट’च्या आधी काय आहे ते बघा. मागे बघायचं. सगळा विषय खरं तर एवढाच आहे, बाकी तपशील.

आता हे करून बघू. ‘वी हॅड नो चॉइस बट टू गो बॅक.’ यातला ‘नो’ आणि ‘बट’ बोटाने झाका. काय उरलं? ‘वी हॅड चॉइस टू गो बॅक.’ मध्ये एखादं आर्टिकल हवं, ते सोडा, पण सांगाडा बरोबर आहे. चॉइस, ऑप्शन, आल्टर्नेटिव्ह ही नामं आपल्यामागे ‘टू’ घेतात, म्हणून अपवादानंतरही टू. ‘ही इज फाँड ऑफ नथिंग बट रीडिंग’ मधलं ‘नथिंग बट’ झाका: ‘फाँड ऑफ रीडिंग’. ‘ऑफ’च्या पुढे क्रियापद आलं तर आयएनजीच येतं, मध्ये कितीही शब्द घुसले तरी. ‘शी इज इंटरेस्टेड इन नथिंग एक्सेप्ट मेकिंग मनी.’ तेच कारण, ‘इन’ बसलाय मागे. ‘आय वाँट नथिंग बट टू स्लीप.’ वाँटला टू लागतो, म्हणून टू.

आणि ‘शी डिड नथिंग बट क्राय’? झाका ‘नथिंग बट’. उरलं ‘शी डिड क्राय’. हे उत्तम इंग्रजी आहे. ‘ती रडलीच’ असा जोर देऊन सांगायचं असेल तर इंग्रज असंच म्हणेल. ‘शी डिड क्राइड’ म्हणून बघा मोठ्याने. (हशा) कान लगेच नाही म्हणतो ना?

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आई रडली, गोष्ट भूतकाळातली, हे तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. भूतकाळ वाक्यात हवाच. पण तो ‘डिड’ने सांगून झालेला आहे, आणि इंग्रजीत तो एका क्रियापद-समूहात एकदाच सांगतात. ‘शी डिड नॉट क्राय’, ‘डिड शी क्राय?’ या वाक्यांत ती मुलगी कधी चुकली नसती. आपल्याकडेही असंच आहे की. ‘ती रडत होती’ यात भूतकाळ ‘होती’ने उचलला, ‘रडत’ने नाही. उद्याही ‘रडत असेल’ म्हणताना ‘रडत’ तसंच राहतं. हे तिला तीन मिनिटांत सांगता आलं असतं. ‘नियम आहे’ असं म्हणायला मला तीन सेकंद पुरले.

याच कारणाने ‘ही डझ नथिंग बट कम्प्लेन्स’ चुकतं. तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स’ ‘डझ’ने आधीच घेतला आहे, तो दुसऱ्यांदा वाटायचा नाही. ‘माय ब्रदर डझ एव्हरीथिंग बट कुक.’ भाऊ सगळं करतो, स्वयंपाक तेवढा करत नाही. ‘कुक्स’ नाही.

आता एक अडचण तुमच्यापैकी चौकस लोकांच्या डोक्यात आली असेल. ‘वी कुड डू नथिंग बट वेट’ यात ‘नथिंग बट’ झाकलं तर ‘वी कुड डू वेट’ उरतं, आणि हे काही इंग्रजी नव्हे. बरोबर. इथे ‘डू’ सुद्धा झाकावा लागतो: ‘वी कुड वेट’. त्याचं कारण असं, की ‘डू’ हे नाव न घेतलेलं क्रियापद आहे. ‘करणे’ म्हणजे काय करणे? जेवणे, धावणे, रडणे, काहीही. ‘डू नथिंग’ म्हटलं की जगातल्या सगळ्या क्रियांची रांग उभी केली आणि सगळ्यांना नाही म्हटलं. त्या रांगेतून एक बाहेर काढली, ‘वेट’. रांगेत उभी होती ती क्रिया, म्हणून बाहेरही क्रियाच आली, टू किंवा आयएनजीचा अंगरखा न घालता. चॉइसच्या रांगेत ‘टू’वाले उभे असतात, ‘फाँड ऑफ’च्या रांगेत आयएनजीवाले.

याच्याच शेजारी एक वाक्प्रचार आहे, ‘देअर वॉज नथिंग फॉर इट बट टू वेट’. इथे ‘डू’ नाही, म्हणून ‘टू’ आलं. आणि ‘देअर वॉज नथिंग टू डू बट वेट’ यात ‘डू’ आहे, म्हणून सामान्यतः नुसतं ‘वेट’. शेवटी अर्थ तोच. पण ‘डू’ आहे की नाही एवढ्यावरून रूप बदललं. ‘शी इज डुइंग नथिंग बट क्राय’ की ‘क्रायिंग’? इथे बोलण्यात दोन्ही ऐकू येतात. मागच्या ‘डुइंग’चा रंग पुढे लागतो, हे समजण्यासारखं आहे. परीक्षेत असाल तर ‘क्राय’ लिहा, गप्पा मारत असाल तर कोणी अडवणार नाही.

‘आय कॅनॉट बट ॲडमायर हर.’ ‘कॅन’नंतर नेहमी नुसतं मूळ रूप येतं, म्हणून ‘ॲडमायर’. ‘आय कॅनॉट हेल्प ॲडमायरिंग हर.’ इथे ‘हेल्प’चा अर्थ मदत नव्हे, टाळणे. टाळणे हे सकर्मक, त्याचं कर्म म्हणून ‘ॲडमायरिंग’. या दोघांची सोयरीक होऊन तिसरं जन्मलं: ‘कॅनॉट हेल्प बट ॲडमायर’. शुद्धतावादी मंडळींनी त्याला बरीच वर्षं घरात घेतलं नव्हतं. आज चांगल्या गद्यात ते सर्रास छापलं जातं, माझा काही आक्षेप नाही. फक्त ‘हेल्प बट’ म्हटलंत की पुढे ‘ॲडमायर’, आणि ‘बट’ काढलात की ‘ॲडमायरिंग’. यांची खिचडी नको. मराठीत हे सगळं एका ‘कौतुक केल्यावाचून राहवत नाही’मध्ये भागतं.

आता जरा माझ्या गल्लीत येतो. तेराव्या शतकातले युरोपातले तर्कशास्त्रज्ञ, शेरवुडचा विल्यम, स्पेनचा पीटर, हे असल्या लहान शब्दांच्या मागे हात धुऊन लागले होते. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘वगळता’, ‘जर’ अशा शब्दांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे ‘सॉक्रेटिस वगळता प्रत्येक माणूस धावतो’. ते म्हणत, हे एक वाक्य दिसतं पण आत तीन आहेत. सॉक्रेटिस माणूस आहे. सॉक्रेटिस धावत नाही. सॉक्रेटिसहून वेगळा असलेला प्रत्येक माणूस धावतो. यातलं पहिलं वाक्य कोणी तोंडाने बोलत नाही, पण ते नसेल तर अपवादाला अर्थच नाही. ‘माझं टेबल वगळता प्रत्येक माणूस धावतो’ असं म्हटलं तर तुम्ही माझ्याकडे बघत राहाल. जे आत नव्हतंच ते बाहेर कसं काढणार?

आपल्याकडच्या व्याकरणात हा विचार ‘उत्सर्ग’ आणि ‘अपवाद’ या जोडीत फार पूर्वी आलेला आहे. शाळेतली संधी आठवा. ‘इ’पुढे स्वर आला की ‘य्’ होतो: इति अधिक आदि, इत्यादि. पण कवि अधिक ईश्वर याचं ‘कव्यीश्वर’ होत नाही, ‘कवीश्वर’ होतं. याला अपवाद म्हणता येतं, कारण पुढची ‘ई’ हाही स्वरच आहे आणि पहिला नियम तिथे लागू झालाच असता. पहिल्या नियमाच्या हद्दीबाहेरचं काही असतं तर त्याला अपवाद कोणी म्हटलं नसतं.

आता इंग्रजीकडे परत चला. ‘बट’च्या पलीकडचं रूप अलीकडच्या स्थानाशी जुळतं हा व्याकरणाचा नियम, आणि वगळलेली गोष्ट मूळ समूहातलीच हवी हा तर्कशास्त्राचा नियम. माझ्या मते हे दोन्ही एकच आहेत, एक अर्थाच्या अंगाने सांगितलेला, दुसरा रूपाच्या. सगळे भाषाशास्त्रज्ञ इतकं सरसकट म्हणू देणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

यातून आणखी एक गोष्ट कळते, जी पुस्तकं सहसा सांगत नाहीत. या अर्थाच्या ‘बट’च्या आधी ‘सगळे’ किंवा ‘कोणीच नाही’ या जातीचा शब्द लागतो: ऑल, एव्हरी, एनी, नो, नन, नथिंग. ‘मेनी स्टुडंट्स बट वन केम’ चालत नाही. पुष्कळ आले म्हटलं तर काही आले नाहीत हे गृहीतच आहे, मग एकाला मुद्दाम बाहेर काय काढायचं? ‘हू बट अ फूल वुड डू इट?’ हे चालतं, कारण त्या प्रश्नाच्या पोटात ‘कोणीच नाही’ दडलेलं आहे.

त्या आईच्या वाक्यालाही ही तीन वाक्यांची कसोटी लावून बघा. ती रडली. रडणं ही एक क्रिया आहे. आणि त्याखेरीज तिने दुसरी एकही क्रिया केली नाही: चूल पेटवली नाही, पाणी प्यायली नाही, आलेल्यांशी बोलली नाही, मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘शी क्राइड द होल डे’ लिहिलं असतं तर वाक्य बिनचूक झालं असतं आणि यातलं काहीही आलं नसतं. मुलीने अवघड रचना निवडली, कारण तिला तिसरी गोष्ट सांगायची होती. मी वही तपासताना एका शब्दावर थांबलो आणि त्याच्या आधीच्या ‘नथिंग’वरून तसाच पुढे गेलो.

बरं, ‘ऑल बट’चं वेगळं आहे, तेही पाहून घेऊ. ‘ही ऑल बट फेंटेड.’ इथे ‘फेंटेड’ भूतकाळात, आणि ते बरोबर आहे. आत्तापर्यंत मी सांगितलं त्याच्या उलट? नाही. मागे बघा, ‘डिड’ कुठे आहे? नाही ना. ‘ऑल बट’ झाका: ‘ही फेंटेड’. काळ सांगणारं दुसरं कोणी नाही, म्हणून ‘फेंटेड’लाच तो सांगावा लागतो. अर्थ मात्र मजेदार आहे. तो बेशुद्ध पडला नाही. त्याच्या जवळपासचं सगळं झालं, तेवढं एक राहिलं. मराठीत आपण अगदी हेच म्हणतो: ‘तो बेशुद्ध पडायचाच बाकी होता.’ ‘द वर्क इज ऑल बट फिनिश्ड’ म्हणजे काम जवळजवळ संपलं. ‘सगळं संपलं पण’ असा अर्थ लावून घोटाळे होतात.

आता मराठीच्या एका बारकाव्याकडे. ‘तिने रडण्याशिवाय काही केलं नाही’ आणि ‘तिने रडल्याशिवाय काही केलं नाही’. एका अक्षराचा फरक. पहिल्यात ती फक्त रडली. दुसऱ्यात तिने पुष्कळ कामं केली, पण प्रत्येक काम रडत रडत! ‘ण्याशिवाय’ हा अपवाद. इंग्रजीत बट, एक्सेप्ट. ‘ल्याशिवाय’ हा ‘त्याविना’. इंग्रजीत ‘विदाउट’ किंवा ‘अनलेस’. हा भेद आपण लहानपणापासून न चुकता करतो. मग इंग्रजीत का चुकावा? ‘विदाउट’ हे निखळ शब्दयोगी, त्याच्यापुढे आयएनजीच: ‘विदाउट क्रायिंग’. ‘अपार्ट फ्रॉम’, ‘इन्स्टेड ऑफ’ यांच्या शेपटाला ‘फ्रॉम’ आणि ‘ऑफ’ आहेत, म्हणून तिथेही आयएनजी धरून चाला.

‘अनलेस’च्या पुढे मात्र पूर्ण वाक्य येतं, कर्त्यासकट, क्रियापदाला काळ लावून. त्यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे गोष्ट भविष्यातली असली तरी ‘विल’ नको: ‘अनलेस इट रेन्स’. दुसरा खड्डा खास आपला. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही’ हे मराठीत निर्दोष आहे. त्याचं शब्दशः ‘अंटिल यू डोंट कम’ करतात, ‘अनलेस यू डोंट कम’ करतात. नकार ‘अनलेस’च्या पोटातच आहे. वर ‘डोंट’ घातलंत तर अर्थ उलटा होतो: तू आलास तर मी जेवणार नाही! पत्रातून असं गेलं तर पाहुणा यायचा थांबेल.

‘शिवाय’ आणखी एका ठिकाणी फसवतो. ‘धाकट्याशिवाय सगळे आले’ म्हणजे धाकटा आला नाही. ‘धाकट्याशिवाय आणखी तिघे आले’ म्हणजे धाकटा आला, वर तिघे. एकच शब्द, एकदा वजाबाकी, एकदा बेरीज. इंग्रजीत वजाबाकीला ‘एक्सेप्ट’ आणि बेरजेला ‘बिसाइड्स’. ‘बिसाइड्स’च्या पुढे बहुधा आयएनजी येतं, ‘बिसाइड्स टीचिंग, शी राइट्स’. पण मागे ‘डू’ असेल तर त्यालाही मूळ रूप चालतं: ‘व्हॉट डझ ही डू बिसाइड्स कम्प्लेन?’ पुन्हा तेच, मागे बघा.

वेळ संपत आली, एखादा प्रश्न घेऊ. हां, बोला ताई.

ताई विचारतात, की ‘नोबडी एक्सेप्ट द टू सन्स’ याच्यापुढे ‘नोज’ की ‘नो’? कानाला तर ‘सन्स नो’ बरं वाटतं. ताई, कर्ता कोण ते बघा. कर्ता ‘नोबडी’. मुलगे बाहेर काढलेले आहेत, तेव्हा क्रियापदावर हक्क नोबडीचा, म्हणून ‘नोज’. ‘एव्हरीवन एक्सेप्ट द चिल्ड्रन वॉज टायर्ड’, तसंच. ‘नथिंग बट बुक्स’च्या पुढे मात्र दोन मतं आहेत. जुनी पुस्तकं ‘वॉज’ सांगतात. पण ‘पुस्तकंच पुस्तकं’ हा अर्थ इतका जोरदार असतो, की बऱ्यापैकी लिहिणाऱ्यांच्या हातूनही ‘वर’ येऊन जातं. मी स्वतः ‘वॉज’ लिहितो आणि दुसऱ्याच्या वहीत ‘वर’ दिसलं तर लाल पेन उचलत नाही.

मागून एक आवाज आला, की त्या मुलीचा अर्धा गुण परत दिला का? (हशा) नाही हो. ‘क्राइड’ चूकच होतं.

पुढच्या गुरुवारी ‘ओन्ली’ घेऊ. शेरवुडच्या विल्यमनेही ‘वगळता’ आणि ‘फक्त’ एकाच ग्रंथात घेतले होते. येताना ‘ओन्ली’ वाक्यात वेगवेगळ्या जागी बसवून चार वाक्यं करून आणा, तिथून सुरुवात करू.